दोरीचं दुसरं टोक

सोमवार

आले एकदाची. खोली लहान आहे, पण खिडकीतून अख्खं आवार दिसतं. पाण्याबाहेर काढलेल्या बोटी लाकडी ठोकळ्यांवर ओळीने बसल्यात, न्हाव्याकडच्या गिऱ्हाइकांसारख्या. त्या धुवायच्या, घासायच्या, चकाचक करून परत पाण्यात सोडायच्या. लेक फोनवर म्हणाली, आई, म्हणजे मोठी भांडीच की! मी म्हटलं, हो, फक्त पालथी घालताना हात लावायला ये. खूप दिवसांनी दोघी हसलो. तिचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाला नक्की येईन, असा शब्द दिलाय.

मंगळवार

माझे जोडीदार अण्णा. पॉलिश करण्यात हयात गेली. टक्कलही तसंच चमकतं. त्यांनी सगळं समजावलं. ओल्या शिडीवर घाई नको. ब्लीच आणि ॲसिड एका बादलीत कधीच नाही. मी म्हटलं, डब्यावर लिहिलंय तसं. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. अण्णा म्हणाले, बरं झालं ताई, माझा चष्मा वाचला.

खरी भीती डेकखालच्या बुटक्या जागेची. इंजिनाचं तेल तिथे साचतं. ते काढायच्या औषधाची वाफ जड, तळाशीच बसून राहते. म्हणून तोंडाला मास्क, हवा ओढायला पंखा आणि कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक बाहेरच्याच्या हातात. बाहेरच्याने मध्ये मध्ये बोटीवर सरळ तीन ठोके द्यायचे, आतल्यानेही तीनच. उत्तर आलं नाही तर दोरी ओढायची. सख्खा भाऊ आत असला तरी आपण उतरायचं नाही.

आमचे हे असेच, अशाच जागेत गेले. जोडीदार आत पडला आणि हे त्याला आणायला उतरले. दोघंही तिथेच राहिले. अण्णांना सांगितलं, तर त्यांनी कप खाली ठेवला. तरी हेच काम धरलंत, म्हणाले. काय सांगणार? ह्यांनी शेवटचं काय पाहिलं, ते मला पाहायचं होतं.

गुरुवार

निळ्या बोटीत पहिल्यांदा उतरले. अंधार, तेलकट गारवा. ठोके आले, मी उत्तर दिलं. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, मी तर अजून ठोकलंच नव्हतं, तुम्हीच आतून सुरुवात केलीत. उन्हाने बोट तडतड वाजते, असं म्हणून हसले. तरी माझ्या मास्कचा फिल्टर बदलून दिला.

ते ठोके तळाकडून आले होते. हे लिहायला नको होतं.

शुक्रवार

आज पुन्हा. दोन, जरा थांबून एक. घरी हे असंच दार वाजवायचे. बेल असून कधी वाजवली नाही. म्हणायचे, बेल पाहुण्यांनी वाजवावी, मी घरचा.

फिल्टर नवा होता. पंखा चालू होता. अण्णांना बोलले नाही. बोलले तर आत सोडणार नाहीत.

शनिवार

अण्णा आत, मी बाहेर. वीज गेली, पंखा थांबला. मी लगेच तीन ठोके दिले.

उत्तर आलं. दोन — थांबून — एक.

अण्णांचं उत्तर ते नव्हतं. मला कळलं होतं. कळूनही दोरी ओढायची सोडून मी बोटीला गाल लावून उभी राहिले. पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. किती बरं वाटलं, काय लिहू —

मग ओढली. मुकादम ओरडत आले, दोघांनी मिळून ओढलं. अण्णांचा मास्क गळ्यात होता. ओठ निळे.

शनिवार, संध्याकाळ

अण्णा शुद्धीवर नाहीत. त्यांच्या बायकोने माझा हात धरला. म्हणाली, ताई, तुम्ही होतात म्हणून. मी मान खाली घातली. मुकादमांनी सांगितलंय, निळ्या बोटीकडे कुणी फिरकायचं नाही.

हे मला सावध करत होते की थांबवून ठेवत होते?

रविवार

आवारात कुणी नाही. ठोके खिडकीपर्यंत येतात. भर उन्हात.

लेकीचा फोन आला. कळा सुरू झाल्यात, निघ म्हणाली. पिशवी भरली. फाटकाकडे जायला एकच वाट, निळ्या बोटीजवळूनच —

रविवार, दुपार

बोटीपाशी आहे. डेकखाली उतरायचं झाकण उघडं आहे. मी उघडलेलं नाही.

पिशवी खाली ठेवली. तीन ठोके दिले. म्हटलं, आजोबा होताय, एवढं ऐका आणि मला जाऊ द्या.

ठोके थांबले. मग रडल्यासारखं — ह्यांना मी कधी रडताना ऐकलं नव्हतं —

तेव्हा कुणी दोरी धरली नव्हती ह्यांची. कुणीच नव्हतं बाहेर.

आत जाणार नाही. डेकवर चढलेय, झाकणातून नुसता हात घालीन. कमरेला दोरी बांधली आहे, दुसरं टोक शिडीला. शिडी काही ओढणार नाही, माहीत आहे.

फोन वाजतोय. लेक असेल. खाली पिशवीत आहे, दोरी तिथवर पुरत नाही —

दोन. थांबून —