मापाला उभी आई

नाना, सुरगाण्याच्या रस्त्याला बांधावर उभा असलेला तुमचा लाडका वीरगळ आता नाही. रस्ता रुंद करताना तो कुठे गेला, ते तिथे कोणी सांगत नाही. परवा मी मुद्दाम जाऊन आले. त्या जागी पंक्चर काढणाऱ्याची टपरी आहे. मी मोबाइलवर टपरीचा फोटो काढला, चहा प्यायले आणि परतले. तुम्हाला वाईट वाटलं असतं, मला वाटलं नाही. जुन्या वास्तूंचे फोटो जमवणारी काही मंडळी सध्या माझ्या मागे लागली आहेत. लढाईत पडलेल्या त्या कोणा माणसाच्या दगडाचे चांगले फोटो फक्त तुमच्याकडे आहेत म्हणे. म्हणून तुम्ही गेल्यावर माळ्यावर टाकलेला तुमचा पत्र्याचा डबा काढला आणि सगळ्या निगेटिव्ह नाशिक रोडच्या एका दुकानात स्कॅन करायला दिल्या. दगडासाठी दिल्या नाहीत. आईचा चेहरा कुठे सापडतो का, एवढंच बघायचं होतं.

प्रेसमध्ये तुम्ही छापलेल्या शिटा तपासायचात. डाग दिसला की शीट बाद. रविवारी तोच डोळा घेऊन तुम्ही बारवा, पडकी देवळं, शेतातले कोरीव दगड शोधत हिंडायचात आणि आम्हा दोघींना हमाल म्हणून न्यायचात. माझ्या हातात आईचा कुंकवाचा आरसा असे. उजेड बाजूने आडवा पडला की झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं, म्हणून मी आरशाने ऊन दगडावर धरायचं. आईने दगडाशेजारी उभं राहायचं, दगड केवढा आहे ते बघणाऱ्याला कळावं म्हणून. "तोंड दगडाकडे," तुम्ही म्हणायचात. "लोकांनी दगड बघायचाय, तुला नाही." आईची उंची पाच फूट बरोबर. पाहुण्यांसमोर हे तुम्ही कौतुकाने सांगायचात, "मुली बऱ्याच बघितल्या होत्या, पण हिच्यात हिशेब सोपा." पाहुणे हसायचे. आई पोह्यांच्या रिकाम्या बशा उचलून आत जायची. आत स्वयंपाकघरात दोरीला चिमट्यांनी तुमच्या धुतलेल्या फिल्म लटकत असायच्या. त्या वाळेपर्यंत फोडणी द्यायची नाही, तेलाचे कण बसतात. मग बिनफोडणीचं वरण पानात पडलं की तुम्ही वाटी पुढे सरकवून विचारायचात, "हे आजाऱ्याचं जेवण कोणासाठी?"

सुरगाण्याचा तो दिवस तुम्हाला आठवत असेल, कारण त्या दिवशी तुमचं नुकसान झालं. आम्हाला घेऊन आलेला जीपवाला बॉनेटला टेकून उभा आहे. तुम्ही गुडघ्यावर बसून कॅमेरा रोखलाय. आई दगडाकडे तोंड करून, पदर डोक्यावर घेऊन उभी आहे. मी आरसा धरून, हात अवघडलाय.

"सायेब, बाईनं काय गुन्हा केलाय? मास्तर पोरान्ला करतो तशी उभी केली."

"माप आहे ते," तुम्ही कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणालात.

"माप? मंग दुकानात न्या ना. कापड मोजाया लय कामाला येईल."

मला हसू फुटलं. आरसा हलला, उजेड दगडावरून सरकून आईच्या मानेवर गेला आणि त्याच क्षणी तुमचं बटण दाबलं गेलं. तुम्ही सावकाश उठलात, माझ्या हातातून आरसा घेतलात आणि रस्त्यावर टाकलात. आपटलाही नाहीत, नुसता सोडलात. "एक फ्रेम गेली. तुझ्या दात काढण्यापायी." जीपवाल्याने जीप सुरू केली. पुढे कितीतरी दिवस आई स्टीलच्या ताटलीत बघून कुंकू लावत होती. दिवाळीला तुम्ही तिला नवा आरसा आणलात, चांगला मोठा. तिने पुडकं सोडलं तेव्हा म्हणालात, "हा उजेड लांबपर्यंत फेकतो." तुमच्याकडून आईला मिळालेली भेट म्हणून मला एवढी एकच आठवते.

मी बी.ए. झाले, नोकरीला लागले, तुमच्या रविवारांतून सुटले. आई सुटली नाही. उतारवयात तिला बाक आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता तुझं माप चुकतं," आणि तिच्या जागी काळे-पांढरे पट्टे रंगवलेली काठी उभी करायला लागलात. ती गेली तेव्हा दशक्रियेला ठेवायला घरात तिचा फोटो नव्हता. दगडांनी भरलेला डबा होता. मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून आणला, त्यात नाक कुठे संपतं आणि पदर कुठे सुरू होतो ते कळेना. तुमच्या सख्ख्या बहिणीने रामकुंडावर विचारलं, "ही कोण गं?"

नंतर तुमचे डोळे गेले. दुपारी तुम्ही प्रिंट मांडीवर घेऊन बसायचात आणि मला विचारायचात, यात काय दिसतंय?

"दगड."

"आणि शेजारी?"

"कोणीतरी बाई. पाठमोरी."

एकदा तुम्ही बोटांनी प्रिंट चाचपत म्हणालात, "एकात ती वळली होती. बघ ना, असेल."

"मग तुम्हीच बाद केला असेल," मी म्हणाले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, मीही शोधला नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

गेल्या आठवड्यात दुकानातून फोन आला. "मॅडम, एका निगेटिव्हला मधोमध भोक आहे. पंचिंग मशीनने पाडल्यासारखं. ती पण करू का?" करा म्हटलं. तुम्ही नको असलेल्या फ्रेमला फायलींच्या मशीनने भोक पाडायचात, चुकून पुन्हा छापली जाऊ नये म्हणून. भोक नेहमी बरोबर मधे. मधे तुमचा वीरगळ होता, तो सगळा गेलाय. आई कडेला होती. ती राहिली.

फोटो मोठा करून आणलाय, टेबलावर समोर आहे. माझ्या आरशाचा उजेड तिच्या मानेवरून गालापर्यंत आलाय. ती वळली आहे, पदर सरकलाय, पुढचा एक दात किंचित तिरका होता तो दिसतोय. ती हसते आहे. जीपवाल्याच्या बोलण्यावर हसली असेल असं मी आधी धरलं होतं, पण जीप तिच्या उजव्या हाताला होती आणि मी डावीकडे होते. ती सरळ कॅमेऱ्यात बघते आहे. घरात चिडवणाऱ्या माणसाकडे बायको जशी बघते, तशी.

मला ती रडवेली सापडायला हवी होती. निदान थकलेली. म्हणून फोटोला अजून फ्रेम केली नाही, आणि तुमचे डोळे परत आले असते तरी तो तुम्हाला दाखवला नसता. ती तुमच्याकडे बघून हसली होती, हे मी तुम्हाला कळू दिलं नसतं.