गुणिले चाळीस झाडं

४ मे १९३१, श्रीवर्धन
वि. आला. कॉलेजात माझ्या शेजारी बसून माझ्याच वह्या उतरवून घेणारा विनायक. आता विलायतेला जाऊन आलेला, मुंबईत प्रोफेसर. सोबत तीन पेट्या. एकीत रबरी कापडाची मोठी पिशवी. काम करताना माणसाने सोडलेला श्वास तीत धरायचा, किती प्राणवायू खर्ची पडला ते मोजायचं, त्यावरून त्या कामाला किती कॅलरी लागतात ते काढायचं. आणि विषय काय, तर सुपारीच्या झाडावर चढणारे. दोन वर्षं दवाखाना सांभाळून मी याच लोकांच्या नाड्या मोजतोय. वही दाखवली. चाळली नि म्हणाला, "छान छंद आहे रे."
छंद.

५ मे
सौ.ने त्याच्यासाठी फणसाची सांदणं केली. "भावजी, आणखी एक घ्या." फणस आठवडाभर घरातच होता. मला कुणी विचारलं नाही.

६ मे
वाडीत प्रयोग. चढायला गणू, माझाच माणूस, हात पुढे करून नाडी मोजून घ्यायची त्याला सवय. सकाळपासून उपाशी ठेवून अर्धा तास चटईवर निजवला, स्वस्थ असतानाचा श्वास घेतला. मग पाठीवर पिशवी, तोंडात नळी, नाकाला चिमटा. गणू चढला, शेंड्याला हात लावला, उतरला. वि. घड्याळ धरून उभा. जमलेल्या मंडळींना केवढं कौतुक. माझ्या वहीला दोन वर्षांत कुणी "काय लिहिता?" म्हणून विचारलं नव्हतं. पोटात दुखलं. आपल्याशी खोटं कशाला बोला.

८ मे
सापडली. वि.ची चूक.
एका झाडाची चढ-उतर मोजली नि दिवसाच्या चाळीस झाडांनी गुणली. पण सुपारी पाडणारा दर झाडाला उतरतो कुठे? शेंड्याशी बसून झाड हलवतो, झोका घेतो, शेजारचं धरतो. दहाबारा झाडं झाली की मग खाली. पाडणी थंडीत. वि. आला मे महिन्यात, त्याने ती बघितलेलीच नाही. साहेब उतर म्हणाले म्हणून गणू उतरला.
संध्याकाळी गणू दवाखान्याच्या पायरीशी. "डाक्तर, त्या सायबांना सांगू काय? आमी दर झाडाला उतरत न्हाय."
म्हटलं, "ते विचारतील तेव्हा सांग."
वि. विचारणार नाही. लिहिताना बरं वाटतंय. वाटायला नको.

१० मे
वि. गेला. जाण्याआधी माझ्या वहीतली पानं उतरवून घेतली. जुनी सवय. बोटीपर्यंत पोचवायला गेलो. "काही राहिलं का रे?" पेट्यांबद्दल विचारत होता. मी नाही म्हटलं.

२ ऑगस्ट
वि.चं पत्र. लेख विलायतेतल्या मासिकात जाणार. सौ. म्हणाली, "भावजींचं नाव किती लांब जाईल." म्हटलं, जाऊ दे, तिथेही सुपारीची वाडी बघितलेला एखादा भेटेलच. ती माझ्याकडे बघत राहिली. काय मनात होतं ते तिला कळलं असेल का…
चारचौघांत त्याचं तोंड कसं होईल, याचा आज दिवसभर विचार. दोन रोग्यांना औषधाची वेळ सांगायची विसरलो.

१४ नोव्हेंबर
पाडणी सुरू.
दुपारी वि.चं टपाल. लेखाची प्रत, "नजर टाक नि उद्याच्या टपालाने परत पाठव, छपाईला द्यायचंय." पहिलं पान उघडलं. मथळ्याखाली दोन नावं. दुसरं माझं. शेवटचं कोष्टक माझ्या नाड्यांचं, खाली तसं लिहिलेलंही. सोबत चिठ्ठी: "तुझ्या वहीला छंद म्हणालो, ते तेव्हाच चुकलं. रागावू नकोस."
चौथ्या पानावर गुणिले चाळीस. तसंच.
सौ. शेजारच्या चार घरांत सांगून आली. आल्यावर पान पुन्हा मागितलं, माझ्या नावावर बोट ठेवून वाचलं. इंग्रजी तिला येत नाही.

१५ नोव्हेंबर
सकाळपासून दोन पत्रं फाडली. "प्रिय विनू, चौथ्या पानावर एक चूक आहे, हल्लीच माझ्या ध्यानात आली." 'हल्लीच' खोडलं. न लिहावं, तर चाळीस झाडं माझ्याही नावावर. लिहावं, तर तो विचारणार, बोटीपाशी 'नाही' का म्हणालास? आणि सौ.ला काय सांगू, भावजींनी नाव घातलं नि मी…
गणू समोरच्या वाडीत. पहिल्या झाडाला चढला तो अजून जमिनीला टेकलेला नाही. खिडकीत मला बघून वरूनच ओरडला, "डाक्तर, त्या सायबांनी विचारलं काय?"
मी मान हलवली. एवढ्या उंचीवरून त्याला काय दिसलं कोण जाणे. पुढचं झाड धरलं त्याने.
टपाल दीडला निघतं. सव्वा वाजलाय. नवा कागद घेतला. "प्रिय विनू, ही चूक मला मे महिन्यात