दादा हो म्हणाला

ता. ४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि बाबांसाठी विणलेला मफलर, दोन्ही पोचलं. मफलर गळ्यात घालून दिवसभर बसले होते. माझ्यासाठी काही विणलं नाहीस याची नोंद घेतली आहे.

बाबा आता काठी टेकत दारापर्यंत येतात. उजवा हात मात्र अजून मांडीवर परक्यासारखा पडून असतो. सकाळी कारखान्यात यायचा हट्ट असतो. खुर्चीत बसतात आणि मी लेथवर वाडगे कातते ते बघतात, अशी माझी समजूत होती. परवा लक्षात आलं, की त्यांची नजर माझ्याकडे नसतेच. त्यांचं यंत्र जिथे बसवलं होतं तिथे फरशीतून चार बोल्ट वर आलेले आहेत. ते बोल्ट बघत बसतात.

तुला त्या यंत्राबद्दल कुणी नीट सांगितलं नसेल. साध्या लेथवर एका ओंडक्यातून एकच वाडगा निघतो, आतलं सगळं लाकूड भुसा होऊन झाडूखाली जातं. बाबांना ते बघवत नसे. अकरा वर्षं खपून त्यांनी लोखंडी हातावर बसणारं एक वाकडं पातं तयार केलं. फिरत्या ओंडक्यात ते गोल वळत शिरतं, आणि आतला गाभा अख्खा सुटून हातात येतो. मग त्याच्या आतला, मग त्याच्याही आतला. एका ओंडक्यातून पाच वाडगे! पहिल्यांदा पाच निघाले त्या दिवशी बाबा जेवायचे विसरले होते.

ते दवाखान्यात असताना काका यंत्र 'दुरुस्तीला' म्हणून घेऊन गेले, त्याला आठ महिने झाले. काल लाकूडवाल्याने एक छापील पत्रक आणून दिलं. त्यावर आपलं यंत्र, शेजारी कोट घातलेले काका, आणि खाली 'संशोधक व निर्माते'. ज्या माणसाने जन्मात एक चमचा कातला नाही, तो संशोधक.

तू त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतेस. खरं काय ते मला कळव. मी हे गिळून बसणार नाही.

तुझा हात पाठीवर असू दे.
तुझी,
करवत

ता. ११ जानेवारी

चि. करवतीस,
अनेक आशीर्वाद.

तुला हे नाव मी ठेवलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि शेजारणीच्या हाताला चावली होतीस. दात अजून तसेच दिसतात.

तुझं पत्र वाचून खाली गेले आणि धाकट्याला, तुझ्या काकाला, सरळ विचारलं. तो म्हणाला, की यंत्र धूळ खात पडलं असतं, दादाच्या हातून आता काही होणार नाही, म्हणून आपण ते स्वतःच्या नावे नोंदवून घेतलं. चोरून नाही. दवाखान्यात दोन माणसांसमोर दादाला विचारलं आणि दादा हो म्हणाला. शपथेवर सांगतो म्हणाला. माणसं त्याच्याच ओळखीची, पण शपथ घेताना त्याचा आवाज काही हलला नाही.

तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता, मी दवाखान्यात येऊ शकले नाही. त्यानंतरही गुडघ्याने मला घराबाहेर सोडलेलं नाही. म्हणून तुलाच विचारते. दादा खरंच हो म्हणाला का? म्हणाला असेल तर, बाई, राग आवर. धाकटा लबाड आहे, पण तोही याच घरचा आहे.

वीस फेब्रुवारीला यंत्रांचं मोठं प्रदर्शन आहे. तिथे तो हे यंत्र मांडणार आहे. चालवायला एक कातारी पगारावर ठेवलाय. तू तिथे जाऊन तमाशा करू नकोस, एवढं माझं ऐक.

दादाला जप. स्वतःलाही जप, वजन कळव.
तुझी,
आत्या

ता. १५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हो, बाबा हो म्हणाले असतील. आत्या, त्यांच्याकडे आता तेवढा एकच शब्द आहे.

तुला हे पत्रातून सांगायचा धीर मला झाला नव्हता. झटका आला त्यात बाकीचे सगळे शब्द गेले. चहा हवा का, तर हो. चहा नको ना, तरी हो. मनात नाही असतं, पण तोंडातून येतं हो, मानही होकाराचीच हलते, आणि मग स्वतःचाच राग येऊन ते डोळे मिटतात. गेल्या महिन्यात न्हाव्याने गमतीत विचारलं, मिशी काढून टाकू का. मी आत पाणी आणायला गेले होते. परत आले तर चाळीस वर्षांची मिशी टॉवेलवर पडली होती, आणि बाबा आरशात बघून रडत होते. न्हाव्याचा काही दोष नाही, त्याला माहीत नव्हतं.

काकांना माहीत होतं. डॉक्टरांनी आम्हाला हे समजावून सांगितलं तेव्हा ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनीच डॉक्टरांना विचारलं होतं, की काहीही विचारलं तरी हो म्हणतील का. मला तेव्हा वाटलं, भावाची काळजी.

आता पुढचं ऐक. त्यांच्या पगारी कातार्‍याला पात्यांना धार लावता येत नाही. येणार कशी? त्या वाकाची धार बाबांनी मला चौदाव्या वर्षी शिकवली, तिसर्‍या कुणाला नाही. म्हणून काकांनी तीन बोथट पाती माझ्याकडे पाठवली आहेत. सोबत चिठ्ठी, की तू घरचीच आहेस, प्रदर्शनाच्या आत करून दे.

मी करून देणार आहे. टोकाला केसभर जास्त घासलं, की पातं पहिल्या वाडग्याला नीट चालेल आणि दुसर्‍याला लाकडात रुतेल. आठ किलोचा ओंडका चकतीवरून सुटला तर तो कुठे जातो ते मी एकदा पाहिलंय. भिंतीला अजून खड्डा आहे. धारेचं चाक काढून ठेवलंय. रोज त्याच्यासमोर बसते.

माया असू दे, उपदेश नको.
तुझी,
करवत

ता. २० जानेवारी

चि. करवतीस,
अनेक आशीर्वाद.

उपदेश करणार नाही. एकच प्रश्न विचारते. तो ओंडका सुटेल तेव्हा समोर कोण उभा असेल? धाकटा कोट घालून टेबलामागे बसेल. समोर असेल तो कातारी. त्याला दोन लहान मुली आहेत, काल जिन्यातून माझी भाजीची पिशवी त्यानेच वर आणून दिली. हात लावू नकोस त्या टोकाला. पाती अशी धारदार कर, की दादानेही मान डोलवावी.

आता माझं ऐक, आणि वाचून झाल्यावर मला जे म्हणायचं ते म्हण. नोंदणीचा अर्ज मी टाईप केला. या दोन हातांनी. धाकटा कागद घेऊन वर आला, दादा हो म्हणालाय म्हणाला, आणि 'संशोधकाचे नाव' या ओळीपुढे त्याने सांगितलं ते नाव मी उमटवलं. चाळीस वर्षं कचेरीत टाईप केलं, खाडाखोड कधी केली नाही, तिथेही केली नाही. गेल्या पत्रात तुला हे सांगायला जीभ रेटली नाही. मिशीचं वाचलं आणि दोन दिवस मला अन्न गेलं नाही.

मारायचं तर वर्मावर मारू. धाकट्याची सगळी पत्रं अजून मीच टाईप करते, आणि तो न वाचता सही करतो. काल प्रदर्शनवाल्यांना माणसाहाती पत्र गेलं. त्यात मी एक ओळ वाढवली आहे : संशोधक स्वतः, स्वहस्ते, एका ओंडक्यातून पाच वाडगे काढून दाखवतील. त्यांचं लगेच उत्तर आलं, की फार छान, तसा फलक लावतो. ते उत्तर माझ्या ट्रंकेत आहे. धाकट्याला तिथे गेल्यावरच कळेल.

तू दादाला घेऊन जा. पुढच्या रांगेत बसव. माझा गुडघा मला नेत नाही, याचं आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. एकूण एक गोष्ट लिहून पाठव.

म्हातारीवर राग धरू नकोस.
तुझी,
आत्या

ता. २२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

राग नाही. तुझ्या टाईपरायटरला मात्र मी इथूनच नमस्कार केलाय. पाती तू म्हणालीस तशीच धार लावून पाठवली होती, टोकाला जास्तीचा हात लावला नाही.

फलक तुझ्या शब्दाला शब्द होता, हातभर उंचीच्या अक्षरांत. काकांनी तो वाचला तेव्हा मी खांबामागे होते. चेहरा ओल्या लाकडासारखा झाला. निवेदकाने नाव पुकारलं, तसं ते हसत म्हणाले, की माझा माणूस दाखवेल. खरेदीदारांतल्या एका जाड्या गृहस्थाने सांगितलं, की माणूस नको, आम्हाला संशोधकाचा हात बघायचाय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोट काढावा लागला.

कातारी भला आहे. ओंडका त्याने स्वतः दोनदा आवळून बसवला आणि काकांना चष्मा दिला. काकांनी मोटर चालू केली, आणि पातं चुकीच्या बाजूने लावलं. लाकूड किंचाळलं. एक ढलपी उडून त्यांच्या कपाळाला लागली. त्यांनी दोन्ही हात वर घेतले, लुटारू समोर उभा असावा तसे, आणि मोटर तशीच चालू. बंदही कातार्‍यानेच केली. त्या जाड्याने विचारलं, की पात्याची उंची कशावरून ठरवता. काका घाम पुसत राहिले.

मी बाबांना हाताला धरून पुढे नेलं आणि सांगितलं, की यंत्र यांचं आहे, माझ्या बाबांचं. लोक वळून बघायला लागले. मग काकांनी शेवटचं पान टाकलं. बाबांजवळ आले, वाकले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दादा, यंत्र तू मला दिलंस ना?"

बाबा म्हणाले, "हो."

कुजबुज झाली. कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगितलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय शिरलं ते मला माहीत आहे, उगाच माहीत नाही म्हणणार नाही. मी बाबांसमोर उभी राहिले आणि तितक्याच मोठ्याने विचारलं, "बाबा, मी तुमची मुलगी नाही. बरोबर?"

"हो," बाबा म्हणाले.

ते ओठ परत हलले. ते शब्द शोधत होते, सबंध चेहर्‍याने शोधत होते, आणि पुन्हा तेच आलं. हो, हो. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. समोर दोनशे माणसं होती. जाड्या गृहस्थाने टोपी काढली. मग काकांकडे सगळे असे बघायला लागले, की ते कोट न घेताच मागच्या दाराने गेले.

मग मी पातं लावलं आणि पाच वाडगे काढले. एकही तडकला नाही. त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा कधीच झाला नव्हता, तुला खोटं का सांगू. घरी येताना बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मी तीनदा पाणी पुढे केलं. घेतलं नाही.

तुझी,
करवत

ता. ६ मार्च

चि. पुतणीस,
आशीर्वाद.

नोंदणी दादाच्या नावे करून द्यायच्या कागदावर मी सही केली. ताईने टाईप केला, या वेळी मी वाचून सही केली. ती माझ्याशी बोलत नाही. यंत्र सोमवारी ट्रकने येईल. घेणारे सगळे फिरले आहेत, तुला हेच हवं होतं.

एक सांगतो. पंधरा वर्षं दादाचे वाडगे डोक्यावर घेऊन दारोदार मी विकले. लोक म्हणायचे, तुमच्या भावाच्या हातात जादू आहे. माझ्या पायांचं कुणी काही बोललं नाही. यामुळे मी केलं ते बरोबर ठरत नाही, हे मलाही कळतं.

दादाला एकदा भेटायचंय. त्याला विचार. तो म्हणेल ते मला मान्य.

काका

ता. १० मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

यंत्र पोचलं. एक पातं कमी आहे, ते पाठवा.

भेटीचं बाबांना विचारलेलं नाही. विचारलं तर काय उत्तर येईल हे तुम्हाला आणि मला सारखंच ठाऊक आहे. म्हणून उत्तर मी देते. येऊ नका.

तुमची पुतणी

ता. २४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काकांना काय लिहिलं ते तुला कळलंच असेल. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, आणि तू वाटून घे असं म्हणणारही नाहीस. पण दुसरं एक आहे, ते तुलाच सांगता येईल.

प्रदर्शनापासून बाबा माझ्याशी तो एक शब्दही बोलत नव्हते. लाकूडवाल्याला हो, न्हाव्याला हो, मी विचारलं की तोंड बंद. ताट पुढे केलं तर जेवायचे, पण माझ्या हाताकडे बघून, चेहर्‍याकडे नाही. काकांनी त्यांचं यंत्र नेलं. मी दोनशे माणसांसमोर त्यांची मुलगी नेली, आणि तीही त्यांच्याच तोंडून.

मला माफी मागायची होती. रोज सकाळी ठरवायचे. पण मागू कशी? मला माफ केलंत का असं विचारलं आणि समजा ते बोललेच, तर काय बोलतील? ते ऐकून मला कधीच कळणार नाही, की केलं का नाही. काकांना जे 'हो' फुकट मिळालं तेच मीही घेतल्यासारखं होईल. म्हणून विचारलं नाही. विचारणारही नाही.

काल यंत्र पहिल्यांदा चालू केलं. मोठा ओंडका होता. पहिला वाडगा सुटला, दुसर्‍याला पातं कुरकुरायला लागलं. मी तशीच रेटत होते. मागून काठीचा आवाज आला. बाबा खुर्चीतून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते, एकटे. डाव्या हाताने त्यांनी मोटर बंद केली. मला खांद्याने ढकललं, चांगलं जोरात, मी भिंतीला लागले. मग वाकून, डाव्या हाताने, फार वेळ घेऊन त्यांनी पात्याची उंची दोन सूत खाली घेतली. नट आवळायला जोर पुरेना. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या मनगटावर फटका मारला, लहानपणी मारायचे तसा, आणि मग पाना माझ्या हातात दिला.

मी नट आवळला. ते खुर्चीत जाऊन बसले नाहीत. तिथेच उभे राहिले, काठीवर भार देऊन, आणि हनुवटीने खूण केली, की चालू कर.

चार वाडगे निघाले, पाचवा मी घाईत तोडला. त्यावर त्यांनी मान हलवली, नाही म्हणताना हलवतात तशी, या बाजूने त्या बाजूला.

गुडघा बरा झाला की ये. नाही झाला तरी ये, मी न्यायला येते.
तुझी,
करवत