पाळ पाहिली, पक्की आहे

३१ जुलै १९७८

झाली बुवा एकदाची! दुपारी एका बैठकीत महिन्याची दैनंदिनी भरून काढली — कचेरीची. ही वही माझी, हिच्यात खोटं लिहीत नाही. "पिंपळटोली, धान पाहणी." "पिंपळटोली, बांध पाहणी." पिंपळटोली माझ्याच साज्यातलं, म्हणजे माझ्याच हद्दीतलं गाव, इथून, अड्याळपासून, तीन कोस. मधे नाला, सायकल चिखलात रुतते. जाणार कोण? सगळे पटवारी असंच करतात. अकरा वर्षं नोकरी झाली, एक शेरा नाही!

हात चालूनच राहिला होता, म्हणून ऑगस्टही अगाऊ भरून टाकला, पहिल्यांदाच. ९ ला — "तलावाची पाळ पाहिली, पक्की आहे, रहिवाशांस निर्धास्त केले." १५ पासून महिनाअखेर — "मुख्यालयी दप्तर काम." मुख्यालय म्हणजे हे भाड्याचं घर आणि हे टेबल.

सत्यवती चहा घेऊन आली. म्हणाली, "सरकारी वहीत खोटं अन् घरच्या वहीत खरं. जगापेक्षा उलटी तऱ्हा तुमची!" हसलो दोघंही.

४ ऑगस्ट

पिंपळटोलीचा कोतवाल सुखराम आला होता. म्हणे, "काल लय फिरले जी तुमी. धानाच्या रोवण्यातल्या बायाइले एकेकीले नावानं विचारलं. समदे खूश हायेत."

काल? काल मी जेवून झोपलो होतो! म्हटलं, सुखराम, सकाळी सकाळीच मोहाची घेतली काय? तो बिचारा गळ्याची शपथ घेऊ लागला.

तो गेल्यावर दैनंदिनी उघडली. ३ ऑगस्ट — "पिंपळटोली, रोवणी पाहणी."

५ ऑगस्ट

योगायोग. दुसरं काय!

१० ऑगस्ट

बाजारात देवकाबाईनं हाक मारली. मी ओळखत नव्हतो, तिनंच सांगितलं — पिंपळटोलीची, विधवा, तलावाच्या पाळीखालीच, मातीच्या बांधाला लागून, तिचं घर. बांबूचे वास्ते, कोवळे कोंब, विकायला आली होती. माझ्या पिशवीत ढीगभर टाकले, पैसे घेईना. "काल तुमी पाळीवर आले, मायाजवळ बसले, 'भिऊ नको माय' म्हन्ले. म्हनून त आज बिनघोर बजाराले आली."

मी हो हो केलं. काय करणार!

मग इकडेतिकडे पाहून जवळ आली. "एक सांगू का जी? पाळीतून पानी झिरपून राहिलं होतं, मी बोट दाखवलं, तर तुमी तिकडे पायलंच नाई. 'पाळ पक्की आहे.' तीनदा म्हन्ले, एकाच आवाजात. अन् चिखलातून चालत गेले, पर पायाचा ठसा नाई उमटला. मी मागून जाऊन पायलं."

घरी येताना दोनदा मागं वळून चिखलात माझेच ठसे पाहिले. सत्यवतीनं वास्त्यांची भाजी केली. मी ताट सरकवलं.

१२ ऑगस्ट

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझं रूप घेऊन जो तिथं फिरतो, त्याचा मला हेवा वाटला. अकरा वर्षांत मला कुणी चिमूटभर मीठ आणून दिलं नाही. तो दोनदा गेला तर बाया त्याचं नाव घेऊन राहिल्या. तो जातो. बसतो. नावानं विचारतो. नोकरीला लागलो तेव्हा मलाही असंच करायचं होतं! कधी सोडलं, तेही आठवत नाही.

पण त्याला डोळे नाहीत. मी लिहिलं तेवढंच त्याला दिसतं.

दैनंदिनीतला १३ तारखेचा दौरा आत्ता खोडला. काळ्या शाईनं, जाड.

१४ ऑगस्ट

सुखराम आला. आज दारातच थांबला, आत येईना. "साहेब, बरं हाय ना? काल शेताच्या धुऱ्यावर उभे होते, पर बोलले नाई. तोंडावर आडवा काळा पट्टा होता. डोये झाकून, तोंड झाकून. लेकरं रडाले लागले."

पुन्हा खोडणार नाही. देवा, पुन्हा नाही!

१७ ऑगस्ट

परवापासून पाऊस थांबलेला नाही. सुखराम भिजत आला, तलाव काठोकाठ आहे म्हणाला. म्हटलं, मग पाळीखालची घरं खाली करा, आत्ताच्या आत्ता!

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "लोक आयकत नाई जी. म्हन्तेत, पटवारीसाहेबानं सोता पाळ पायली. तुमीच त सांगतलं!"

बारा घरं आहेत तिथं. देवकाबाईचं पहिलं.

उद्या मी जातो. सत्यवती चिडली — "येवढ्या पान्यात? कायले मरायले जाता? तुमचा त महिना भरून हाय!" भरून आहे, म्हणूनच जायचं आहे. तिला सांगता आलं नाही. ही वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवली.

१९ ऑगस्ट, पिंपळटोली

हात दुखतात, अक्षर वाकडं येतं, तरी लिहितो.

काल नाला छातीइतक्या पाण्यातून ओलांडला. सुखरामनं दोर धरला होता. पाळीवर गेलो तर तुडुमाजवळ, जिथून पाणी सोडतात तिथं, मनगटाएवढं भोक! पाणी गढूळ येत होतं. म्हणजे आतली माती जाऊन राहिली होती.

लोक जमले. आनंदराव नावाचा म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमीच पक्की म्हन्ले होते." सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मग बोललो — मी या पाळीवर आजपर्यंत आलोच नव्हतो. घरी बसून लिहिलं. जे लिहिलं ते खोटं आहे. अकरा वर्षांचं सगळं खोटं आहे.

वाटलं, आता मारतात. देवकाबाई खाली वाकली, माझ्या पायांकडे पाहिलं, मागं चिखलात उमटलेले ठसे पाहिले. "हा खरा हाय," म्हणाली. "चला, माती आना!"

मग धानाचं तणस, पोती, माती, दगड. बायांनी घमेल्यांची रांग लावली. सांडव्यात अडकलेलं झाड तोडलं तेव्हा पाणी धो धो निघालं. दिवस मावळायच्या आत भोक बंद झालं. बारा घरं रिकामी केली होती. एकही पडलं नाही!

आनंदरावानं विडी पुढं केली. मी ओढत नाही, तरी ओढली. देवकाबाईनं भात आणि अंबाडीची भाजी वाढली. मी चार वेळा मागून घेतली. इतकी भूक मला नोकरीत कधी लागली नव्हती. रडू आलं, तर म्हणाली, "तिखट झाली काय जी?"

उद्या नाला उतरला की घरी जातो. आधी दैनंदिनी फाडणार, मग तहसीलदारसाहेबांसमोर उभा राहणार. जे व्हायचं ते होईल.

२० ऑगस्ट

देवकाबाईच्या ओसरीत बसून लिहितो आहे. दुपारी घरी जाऊन आलो. चिखलानं माखलेला, दाढी वाढलेली. सत्यवती दारात आली. म्हणाली, "साहेब मुख्यालयी दप्तर काम करून राहिले. परवापासून उठले नाई टेबलावरून. तुमचं काम असंन त महिना संपल्यावर या."

मी तिचं नाव घेतलं. ती दोन पावलं मागं सरली.

आतून आवाज आला, माझाच. "कोण आहे?"

"कोनी नाई जी. पिंपळटोलीचा कोनी मानूस हाय."

तिच्या खांद्यावरून टेबल दिसलं. त्यानं मान वर केली नाही. दैनंदिनीत सप्टेंबर भरून राहिला होता.