विहिरीतली हवा

बाबा,

दोन दिवसांपासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि तो उतू जातो. दोर धुऊन सावलीत वाळत घातलेत, ते पुन्हा पुन्हा हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत चाचपते. कुठेही चिरलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे, तरी चाचपते. तुम्हाला सांगायचं राहिलं, मी आता जिल्ह्याच्या बचाव पथकात आहे. पूर आला की बोटी आणि कोणी विहिरीत पडलं की दोर. दोराचं काम माझ्याकडे. तुम्ही कमरेला दुपट्टा आवळून एकट्याने जे करायचात, ते आम्ही सगळे मिळून करतो, डोक्यावर हेल्मेट घालून. शेतातून कोणी धावत यायचं, आणि तुम्ही धानाच्या बांधीतला चिखल पायावर तसाच ठेवून निघायचात. आई मागून ओरडायची, "जेवून तं जा!" तुम्ही मागे वळून पाहिलेलं मला आठवत नाही.

आपल्या सैपाकघरात चुलीच्या वर तुमचा दोर टांगलेला असायचा. धुराने त्याला कीड लागत नाही म्हणायचात. आई कुरकुरायची की त्याचे धागे भातात पडतात. एकदा तुम्ही तो अंगणात उलगडून ठेवला होता आणि मी त्याच्यावर पाय देऊन पलीकडे गेले. तुम्ही मला कधी मारलं नाही, पण त्या दिवशी असे ओरडलात की शेजारची काकू बाहेर आली. "पाय काढ आधी! दोरावर पाय नाई ठेवाचा. बारीक खडा आत जाते, अन् आतून कापत राह्यते. वरून दिसत नाई." पुढे पथकाच्या पहिल्याच सरावात आमच्या प्रशिक्षकांनी अगदी हेच सांगितलं आणि मला हसू आलं. त्यांनी विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? काही नाही सर, मी म्हणाले.

तुम्ही गेलात तेव्हा मी भंडाऱ्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. मामा घ्यायला आला आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला. घरी आल्यावर कळलं ते एवढंच, की कोंढ्याकडच्या एका शेतात एक माणूस विहिरीतलं बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करायला उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला तुम्ही उतरलात, तुम्हीही आला नाहीत. इंजिनाचा धूर विहिरीत साचला होता, हे मागाहून लोक बोलले. पुढे मी हे काम शिकले तेव्हा सगळ्यात आधी हवेबद्दलच शिकले. गाठी नंतर. विहिरीचं तोंड कितीही मोठं असलं तरी तळाशी हवा असेलच असं नाही, आणि ती नाही हे माणसाला कळेपर्यंत त्याचे गुडघे गेलेले असतात.

आता मी गावोगावी शिकवते. दोर बांधायला झाड कसं निवडायचं, एकाच आधारावर कधी विसंबायचं नाही, कठड्यावर दोर घासतो तिथे खाली पोतं घालायचं, माणूस एका दोरावर सोडायचा नाही, दुसरा राखणीचा दोर वेगळ्या हातात हवा, उतरण्याआधी आपले पट्टे दुसऱ्याने तपासायचे. लोक ऐकतात, थोडे पेंगतातही. मग शेवटी मी एक गोष्ट सांगते आणि सगळे सरळ बसतात. आपल्याच जिल्ह्यात एक माणूस होता, पट्टीचा पोहणारा, अनेकांना काढलेला. एकदा त्याने हवा न तपासता उडी घेतली. एकाला वाचवायला गेला आणि दोन मढी निघाली. चांगला माणूस, पण घाई केली. तो माझा बाप होता, हे मी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी धडा ऐकला नसता, माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं.

मागच्या आठवड्यात शहापूरला शाळेच्या हॉलमध्ये मी हे सांगत होते. मागच्या बाकावरून एक म्हातारा उठला. मुलाकडे राहायला आलेला, नातवासोबत सहज येऊन बसलेला.

"बाई, तुमी हे कोनाबद्दल सांगून राह्यल्या, मले ठाऊक हाये. थ्या दिवशी दोर माह्या हातात होता."

मी हातातला दोर टेबलावर ठेवला.

"हवा नाई पाह्यली म्हन्ता ना? कंदील सोडला होता त्यानं आत. विझला. वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला."

"मग काहून उतरले?" माझ्या तोंडून आपली बोली निघाली. वर्गात मी तशी बोलत नाही.

"खालून कन्हन्याचा आवाज येत होता ना, बाई. मी म्हनलो, नोको जाऊ. तं म्हन्ते, दम रोखून जातो, दम रोखून येतो." म्हाताऱ्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "मंग दोर ढिला झाला. तुमी काईबी शिकवा, पन त्यानं घाई केली असं म्हनू नोका. त्यानं घाई नाई केली."

त्यानंतर मी आठाची गाठ दाखवायला घेतली आणि ती दोनदा चुकली. जाताना म्हाताऱ्याने माझा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडला. त्याने मला ओळखलं की नाही, कोण जाणे. मीही सांगितलं नाही.

आणि परवा एकोडी. भर दुपारी फोन आला. जुनी विहीर, तळाशी गाळ, एक जण बिघडलेली मोटर काढायला उतरला आणि खालीच कोसळला. आम्ही पोचतो तेव्हा त्याचा मोठा भाऊ कमरेला नायलॉनची दोरी बांधून कठड्यावर चढलेला आहे. मी धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारते. दोघंही मागे मातीत पडतो.

"सोडा मले! भाऊ हाये माहा!"

"हवा खराब असन, दादा. तुमी गेले तं दोघंबी जान."

"अन् तुमी काय पाहूनच राहान काय?"

कठड्यावर पालथा पडून आत पाहणारा माझा सहकारी म्हणतो, "मॅडम, हलून राह्यला तो." मी म्हणते, हवा तपासायचा मीटर सोड. तो दोरीने मीटर खाली सोडतो आणि अर्ध्यावर जाईपर्यंत त्याची धोक्याची शिट्टी सुरू होते. मी खाली पडल्या पडल्या, त्या भावाला धरूनच, एकेक सांगते. विहिरीच्या तोंडावर तिपाई उभी करा. दोर त्या आंब्याला आणि गाडीला, दोन्हीकडे. दुसरा दोर लावा. हवेचा सिलिंडर, मास्क. पट्टे तपासा. पुन्हा तपासा. सरावातही आम्ही इतक्या लवकर कधी केलं नव्हतं, बाबा. एकही चूक झाली नाही. पण जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच. मध्येच माझा सहकारी "हलून राह्यला" म्हणायचा थांबला. मी त्याला विचारलं नाही.

आमच्यातला एक जण उतरला आणि माणूस वर आला. साकोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर आवारात तो भाऊ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या कोपरांना अजून त्या झटापटीतली माती होती. अगदी हळू बोलला, "तुमी मले धरलं नसतं, तं मी काढला असता त्याले." माझ्याकडे उत्तर होतं. रोज वर्गात देते तेच. ते तिथे दिलं नाही. तो भाऊ बाजूला निघून गेल्यावर त्याची बायको आली, पाण्याचा गिलास माझ्या हातात दिला आणि मी पिऊन होईपर्यंत तिथून हलली नाही.

पथकाचे साहेब म्हणाले, सगळं नियमाप्रमाणे झालं. झालंच. उद्या फोन आला तर मी पुन्हा तसंच करीन. तरी रात्री कूस बदलताना तुमच्यावर राग येतो. इतकी वर्षं मी तुम्हाला अजाण समजत होते आणि ते सोपं होतं. आता कळतं की तुम्हाला ठाऊक होतं. कंदील दोनदा विझलेला पाहिलात. तेव्हा आई आठवली का? मी आठवले का? की त्या कन्हण्यापुढे आम्ही ऐकूच आलो नाही? हा प्रश्न घेऊन मी घरभर फिरते आहे. आईला विचारावं म्हणून काल दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. काय पाह्यजे म्हणाली. काही नाही म्हणाले.

सोमवारी पुन्हा वर्ग आहे. तुम्ही घाई केलीत, हे वाक्य मी काढून टाकणार आहे. त्याच्या जागी काय म्हणायचं ते अजून सुचलं नाही. नियम तोच सांगायचा आहे, तो खरा आहे, त्याच्यामुळे मला पाणी देणारी एकोडीतली ती बाई आज विधवा नाही.

पण एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी नाही, आईलाही नाही, म्हणून इथे लिहून हा कागद फाडून टाकते. त्या विहिरीत तुम्ही असता, बाबा, तर मी मीटर सोडायला थांबले नसते.