इंग्रजी अर्ज आणि कोरडी टाकी

॥ श्री ॥
जुईनगर,
१८ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप आप्पांच्या चरणी अरविंदचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला तेलाने उतार पडला असेल आणि वहिनींचा खोकला थंडीबरोबर गेला असेल, अशी आशा करतो. आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत. मी मात्र तुमच्यावर थोडा रागावलेला आहे, ते आधीच सांगून टाकतो (तुम्ही भाऊ आधी आणि हेडमास्तर नंतर, म्हणून एवढा धीर झाला).

वैदेहीच्या दहावीसाठी तुम्ही इंग्रजी संज्ञांची यादी पाठवलीत. सिमिली, मेटाफर, हायपरबोली, रेटॉरिकल क्वेश्चन आणि ऐकणाऱ्याचं मन वळवायच्या आणखी बारा युक्त्या. पाठांतराची मला आपल्या गावच्या शाळेतली एकच रीत ठाऊक. दिवेलागणीला रामरक्षा झाली की आम्ही बापलेक पाढ्यांच्या चालीवर ती यादी म्हणू लागलो. इथल्या भिंती किती पातळ आहेत ते तुम्ही पाहिलंच आहे. पंधरा दिवसांत सगळ्या जिन्यात बातमी झाली की अरविंदरावांकडे रोज इंग्रजीचा पाठ असतो.

त्याच सुमारास इमारतीच्या टाकीत तीन आठवडे पाणी नव्हतं. बाळाबाई (इथल्याच जुन्या गावच्या, वय सत्तर) रस्त्यावरच्या नळाचा हंडा तिसऱ्या मजल्यावर चढवत होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव घरी आले. म्हणाले, पाणीपुरवठा कार्यालयाला मराठीत पाच अर्ज करून झाले, आता इंग्रजीत एक कडक पाहिजे, आणि तुम्ही तर स्कॉलर माणूस. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वैदेहीच्या आईने चहा पुढे केला आणि विषय मिटला.

लिहिताना समोर तुमचीच यादी होती. एकही युक्ती वाया घालवली नाही. ही इमारत वाळवंट आहे. आमच्या टाकीने हजार वर्षांत थेंब पाहिलेला नाही. आम्ही माणसं नाही काय? एका म्हातारीने किती हंडे वाहायचे? वैदेहीने स्पेलिंग तपासलं. मधुकररावांचे डोळे भरून आले (त्यांना त्यातलं निम्मं कळलं होतं).

बारा दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं, मराठीत आणि मुद्देनिहाय. एक, भूखंड रहिवासी वापराचा असून वाळवंटासाठी परवानगी घेतल्याचे दिसून येत नाही, तरी खुलासा करावा. दोन, इमारतीस भोगवटा दाखला १९९१ साली दिलेला असल्याने हजार वर्षांचा दावा अभिलेखाशी जुळत नाही. तीन, अर्जदार माणसे आहेत किंवा कसे, हे ठरविणे या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. चार, हंड्यांची संख्या सोसायटीने आपल्या स्तरावर निश्चित करावी. पाण्याचा मुद्दाच नव्हता, कारण ‘पाणी सोडा’ असं मी अर्जात कुठेच लिहिलं नव्हतं (सहा वेळा वाचून पाहिलं. खरंच नव्हतं).

मी मुकाट्याने खुलासा लिहायला बसलो. बाळाबाईंनी ते उत्तर माझ्याकडून वाचून घेतलं, रिकामा हंडा उचलला आणि कार्यालयाची वाट धरली. मी सोबत गेलो, पण नुसता उभा राहायला. त्यांनी हंडा थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“सायेब, पानी नाय. उद्या सकाली आंघोलीला तुमचे घरी येऊ का?”

या प्रश्नाला साहेबांनी मुद्देनिहाय उत्तर दिलं नाही. दुपारी एक माणूस आला आणि रस्त्यावरचा व्हॉल्व्ह उघडून गेला. वैदेही म्हणाली, बाबा, रेटॉरिकल क्वेश्चन असा असतो. संध्याकाळी दिवा लावताना मी ते देवापुढे मान्य केलं.

वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
अरविंद

ता. क. सोसायटीचं म्हणणं, माझ्या अर्जानेच साहेब आधी हादरले होते. पुढच्या महिन्यातल्या सत्यनारायणाला मधुकरराव माझा सत्कार करणार आहेत. नारळ मी बाळाबाईंना देईन, ते ठरलेलं आहे. पण तुम्हीही पूजेला येताय. मॅट्रिकला मी इंग्रजीत दोनदा नापास झालो, हे तिथे कृपा करून बोलू नका. मी कुणाशी खोटं बोललेलो नाही, मला फक्त कुणी विचारलं नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी वैदेहीने पत्र वाचलं आणि ‘दोनदा’ या शब्दाखाली पेन्सिलीने ‘अंडरस्टेटमेंट’ असं लिहिलं. तिसऱ्या खेपेचं तिला तिच्या आईने सांगितलेलं दिसतं.