शेक

बारामती, ४ फेब्रु. ५६
पुण्याहून परतलो. कानाखालची गाठ कापून झाली, वर महिनाभर क्ष-किरणांचा शेक. निघताना डॉ. म्हणाले, "त्या बाजूच्या दाताला आता हात लावायचा नाही. दुखला तरी उपटायचा नाही. खालचं हाड भरून येणार नाही, कुजेल." गाल भाजल्या वांग्यासारखा. लाळ बंद. जन्मभर पुढाऱ्यांची थुंकी झेलणाऱ्यांवर लिहिलं; आता माझीच मला मिळेना.

९ फेब्रु.
भाकरी घशात रुतली. चव राखेची. ताट भिंतीवर भिरकावलं. सौ. थंडपणे, "भिंतीला कालवन वाढू का?" हसायला गेलो, ओठ फाटला. तोंडात तेवढंच ओलं.

सणसर, १७ फेब्रु.
थोरल्या आबांकडे. त्यांच्या कानावर एकच शब्द गेलेला: विजेचा शेक. "मंग शेक कमी पडलाय. सूज हाय की अजून." नको नको म्हणेस्तोवर चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून गालावर दाबली. फडकं निघालं ते कातडं घेऊनच. मी आबांच्या छातीत लाथ घातली. सख्ख्या थोरल्या भावाला. आबा पडल्या पडल्या, "बगा, अंगात ताकद आली!"

बारामती, २६ फेब्रु.
दाढ ठणकतेय. नेमकी त्याच बाजूची. तोंड बोटभर उघडतं. आबा आले, खिशात पक्कड. थेट छातीवर बसले. "आ कर, सदा. किडीचं इख हाय समदं." बोट आत आलं, कचकन चावलो. "आरं, भाऊ हायस का कुत्रं!" तोंड भरलेलं, उत्तर देता येईना, म्हणून सोडलंही नाही. दिरासमोर कधी मान वर न केलेल्या सौ.नं पक्कड हिसकून उगारली. "उठा आबा. न्हाय तर तुमचीच बत्तिशी काढीन."
आबा रक्त गाळत गेले.

२ मार्च
डोकं भिंतीवर आपटलं. या घरात भिंत फार सोसते.
"पक्कड कुठाय?"
"डाक्टर काय म्हनले?"
"हाड कुजेल."
"मंग?"
"कुजेल तेव्हा कुजेल. ही दाढ आत्ता मला..."
सौ.नं पिठाच्या डब्यातून काढून पुढ्यात आदळली. "घ्या. आरसा मी धरनार न्हाय." पाठ करून बसलीय. खांदे हलतायत.
पक्कड पुसतोय. पीठ सांध्यात गेलंय, निघत नाही.
आत्ताच आबांचा निरोप: बोट बरं हाय, येऊ का?
माणूस उत्तरासाठी दारात उभा आहे.